पाणी मागापर्यंत: सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यातल्या प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर कारखान्यात आरोग्य तपासणी झाली होती, तिचा अहवाल आज हातात पडला. शिलाईतल्या बायकांची वजनं वाढलेली आणि हिमोग्लोबिन कमी. मागावरच्या पुरुषांचे हातपाय काटक, पोटं मात्र सुटलेली. मुतखड्याचा त्रास झालेले बरेच. डॉक्टरांनी जवळजवळ प्रत्येक कार्डाखाली एकच ओळ लिहिली आहे: भरपूर पाणी प्या.

मालकांनी ती ओळ उचलली. मोबाईलवर एक रील दाखवलं, त्यात रोज चार लिटर पाणी पिऊन महिन्यात पाच किलो वजन गायब. "मॅडम, असा एखादा प्रोग्राम बसवा. पोस्टर लावू, बाटल्या वाटू. पुढं बाहेरच्या पार्टीचं ऑडिट आहे, त्यांनाही दाखवता येईल." नावही त्यांनीच ठेवलं: 'पाणी प्या, वजन घटवा'.

नावातला दुसरा भाग मला पटलेला नाही. पण पैसे मंजूर होत असताना नावावरून कोण भांडत बसणार? बाटल्यांचं कोटेशन थोडं लांबवलं. कोण किती पितं आणि कुठं अडतं, ते आधी बघायचं.

१२ फेब्रुवारी

दिवसपाळी सुरू झाल्यापासून नुसती फिरत होते.

पिण्याचं पाणी एकाच जागी आहे, हजेरीच्या खिडकीशेजारी. सिमेंटचा ओटा, वर टाकी, तीन नळ, त्यातला एक गळका. साखळीला बांधलेला स्टीलचा पेला. मागांच्या पहिल्या शेडपासून चालत जायला दोन मिनिटं लागतात. रंगखात्यातून अंगण ओलांडावं लागतं, तेही उन्हात. शिलाई माडीवर, म्हणजे जिना उतरून जायचं नि चढून यायचं.

पेला भरून घेतला आणि खिडकीपाशी ठेवला. पाचच मिनिटांत पाण्यावर पांढरी तुसं तरंगायला लागली. टॉवेलचा कारखाना म्हटल्यावर हवेत कापूस असणारच, पण तो पाण्यावर असा गोळा होतो हे पहिल्यांदा नीट पाहिलं. कारागीर फुंकर मारून तुसं बाजूला सारतात आणि पितात. नवीन पोरं मात्र तोंड वाकडं करून पेला ओततात.

चहाचं उलट. चहावाला सकाळी, जेवणानंतर आणि चारला किटली घेऊन थेट मागापर्यंत येतो. मधे कोणी हाक मारली तरी येतो. मागाचा ठोका चालू असतानाच हातात ग्लास. चहा माणसाकडं येतो, पाण्याकडं मात्र माणसानं जायचं. आजच्या दिवसात लिहून ठेवण्यासारखं एवढंच, पण बहुतेक सगळं त्यातच आहे.

१५ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत शिलाईतल्या बायकांबरोबर डबा खाल्ला. कडक भाकरी, शेंगाचटणी, कुणाची आमटी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन दोन घोट पाण्यावर उठणं हे कसबच म्हणायचं, पण निम्म्या जणी तेवढ्यावरच उठल्या.

विचारलं तर आधी हसल्या. मग सगळ्यांत वयस्कर अक्का बोलल्या, "मॅडम, पाणी पिलं की जावं लागतंय की. जायचं कुठं?"

बायकांचा संडास एकच, शेडच्या मागं. कडी तुटलेली, म्हणून आत एक आणि बाहेर दार धरून दुसरी. म्हणजे एका जाण्यात दोघींचं काम थांबतं. दिवा नाही. पिंपात पाणी असलं तर असलं. मजुरी डझनावर, त्यामुळं मशीनवरून उठलं की डझन मागं पडतात. कडी धरायला आलेल्या बाईचेही मागं पडतात, तिचे उपकार वेगळे. म्हणून सकाळी घरून निघताना एकदा, मग थेट घरी. मासिक पाळीच्या दिवसांत तर घशाखाली घोट उतरत नाही, असं एकीनं सांगितलं.

लघवीला जळजळ, म्हणजे उन्हाळी, सगळ्यांच्याच ओळखीची. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, सगळे उपाय तोंडपाठ. रोग माहीत, औषध माहीत. पोस्टर लावून मी यांना नवीन काय सांगणार होते?

२० फेब्रुवारी

पुरुषांचं गणित निराळं, पण उत्तर तेच. एका कारागिराकडं दोन माग. सूत तुटलं, कांडी संपली, की माग उभा. मीटरवर पगार. पाण्याला गेलं तर शेजारच्याला सांगून जायचं, आणि तो सांभाळतो आपलेच दोन. "दोन मिनिटं जाऊन दोन मिनिटं यायचं, त्यापेक्षा चहा बरा, जाग्यावर मिळतो."

चहाचा हिशोब मांडला. सहा छोटे ग्लास सहज होतात. एका ग्लासात दीड चमचा साखर धरली, चमचा पाच ग्रॅमचा, तर दिवसाची साखर ४५ ग्रॅम. त्याच्या १८० कॅलरी, दूध वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीत वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला दिवसाला साधारण ५० ग्रॅम, आणि जमल्यास त्याच्याही निम्मी. आमच्या माणसाचा कोटा चहातच संपतो. तहान लागली म्हणून घेतलेला चहा हा. भूक म्हणूनही तोच, झोप येऊ नये म्हणूनही तोच.

वजनाशी पाण्याचं खरं नातं इथं आहे, असं माझं मत झालंय. पाणी चरबी जाळत नाही. पाणी गोड पेयाच्या जागी बसलं, तर त्या पेयातली साखर पोटात जात नाही.

२७ फेब्रुवारी

कायदा उघडला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं १८ वं कलम पिण्याच्या पाण्याचं. सोयीच्या जागी पुरेसं आणि शुद्ध पाणी हवं. पाणपोईवर 'पिण्याचे पाणी' असं बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लिहिलेलं हवं. मुतारी, संडास, पिकदाणी, उघडं गटार यांपासून सहा मीटरच्या आत पाणपोई नको, अंतर कमी करायचं तर मुख्य निरीक्षकांची लेखी परवानगी लागते. अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात गार पाणी देणं बंधनकारक. "आपण अडीचशेत बसत नाही," मालक लगेच म्हणाले. खरंय, बसत नाही. पण सोलापूरचा एप्रिल डोकी मोजून तापत नाही.

सहा मीटर टेपनं मोजले. संडासाचं अंतर भरतं. पिकदाणी अशी नाहीच, मात्र मावा थुंकायचा ठरलेला कोपरा ओट्यापासून हाताच्या अंतरावर. ओटा हलवायचाच.

पाटी तीन भाषांत करायची: मराठी, तेलुगू, कन्नड. आमच्याकडं तिन्ही बोलणारे आहेत आणि प्रत्येकाला वाटतं आपलेच जास्त.

२ मार्च

पाण्याचा उगम बघितला. उजनी धरण यंदा वजा पातळीत, म्हणजे मृतसाठ्यात गेलंय. महापालिकेचं पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, ते जमिनीखालच्या टाकीत साठतं. कमी पडलं की बोअर. जास्तच कमी पडलं की टँकर. ऑफिसात जार.

बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, हजाराच्या पुढं गेलं. भारतीय मानकात (आयएस १०५००) ५०० पर्यंत चांगलं धरतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. चालवून घेतलं तरी चव खारट, आणि खारट पाणी कोणी आवडीनं पीत नाही. टाकीच्या नळाचं पाणी एचटूएसच्या बाटलीत भरून ठेवलं होतं (पाणी दूषित असलं की ती काळी पडते), दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट. मुकादमानं ती बाटली सगळ्या शेडमध्ये फिरवून दाखवली, मी सांगितलं नसताना. त्या दिवशी पाणी आणखी कमी प्यायलं गेलं असणार.

ठरवलं ते असं. टाकी रिकामी करून घासून धुवायची, झाकणाला कुलूप. महापालिकेचं पाणी फक्त पिण्याला, बोअर रंगखात्याला आणि संडासाला. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकल्यावर अर्ध्या तासानं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून कळतं), नळाला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. पिण्याच्या नळाला फिल्टर. जार लागलाच तर आयएसआय मार्कचा, बंद सीलचा. आता येतो त्या निळ्या कॅम्परवर कसलाच मार्क नाही, थंड आहे एवढाच त्याचा गुण.

६ मार्च

खर्चाचा अंदाज मालकांपुढं ठेवला. सगळ्यात वर बायकांच्या संडासाची दुरुस्ती आणि त्याला लागून दुसरा नवीन. नंतर फिल्टर, माठ, पाण्याची ट्रॉली आणि ती ढकलणारा एक माणूस. बाटल्या सगळ्यात शेवटी.

मालक बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. "मी पाण्याचा प्रोग्राम म्हटलो, तुम्ही संडासचं बिल आणलं."

मी म्हटलं, बाटली दिली तर ती घरी पोराच्या दप्तरात जाईल. दाराला कडी लावली तर इथंच राहील. थोरले मालक कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "करून टाक." यावर पुढं चर्चा झाली नाही.

१२ मार्च

आजपासून रोजे. कारागिरांत बरेच मुसलमान आहेत. मुकादमाला बजावलं, महिनाभर रोजेदाराला पाणी पुढं करायचं नाही, 'दोन घोट घे की' म्हणून आग्रहही नाही. ज्यांना हवी त्यांना पहाटेची पाळी, म्हणजे ऊन चढायच्या आत सुट्टी. रंगखात्यात बाष्प आणि उष्णता, तिथल्या रोजेदारांना महिन्यापुरतं घडी-पॅकिंगला घेतलं. मजुरी तीच ठेवली, नाहीतर कोणी आलं नसतं.

१९ मार्च

संडास झाले. दोन दारं, दोन्हींना आतून कडी, दिवे, नळाला पाणी, झाकणाचा डबा, बादली-मग. हातही धुता येतात.

आणि एक नियम: जायला विचारायचं नाही. आधी सुपरवायझरला सांगून जावं लागायचं. तो वाईट माणूस नाही, पण पुरुष आहे. रोज त्याला तीनदा सांगायचं म्हणजे बायका मुळात पाणीच टाळणार. सुपरवायझर म्हणाला, मग टाइमपास वाढेल. बघू म्हटलं, डझन मोजलेलेच असतात.

२३ मार्च

चिलर की माठ, यावर ऑफिसात अर्धा दिवस गेला. चिलरला वीज लागते, वीज जाते, दुरुस्तीवाला चार दिवसांनी येतो. इथली हवा कोरडी. माठातून झिरपलेलं पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, आणि हवा जितकी कोरडी तितकं हे जोरात चालतं. मुंबईच्या दमट हवेत माठ एवढा गार कधीच होणार नाही. अतिगार पाणी घामाघूम माणूस घोट-घोट पितो आणि थांबतो, माठाचं पाणी पेलाभर सहज जातं. माठ घेतले. खाली तोटी, वर घट्ट झाकण, झाकणावर ओलं फडकं. तुसं फडक्यावर बसतात, फडकं रोज धुवायचं. माठ आठवड्याला आतून घासायचा, साबण न लावता.

प्रत्येक शेडमध्ये दोन, माडीवर दोन, रंगखात्याच्या दारात एक.

२६ मार्च

ट्रॉली सुरू झाली. टॉवेलची जुनी चाकाची ट्रॉली, तिच्यावर तोटीचं पिंप. ढकलायला एक जुना कारागीर, गुडघ्यांमुळं मागावर उभं राहणं सुटलेलं. सगळे त्याला मामा म्हणतात. मामांना शेडमधल्या प्रत्येकाची कुंडली माहीत आणि तोंड गोड. मागांच्या दोन शेडपैकी ट्रॉली फक्त पहिल्या शेडमध्ये फिरवायची. दुसऱ्या शेडमध्ये नुसते माठ. उन्हाळ्यात पाणी असंही जास्तच लागणार, तेव्हा ट्रॉलीनं काय फरक पडला हे दोन शेड शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही.

दुपारी मामांबरोबर फिरले. एक गोष्ट कागदावर कधीच सुचली नसती. आपल्याकडं पेला ओठाला लावत नाहीत, वरून पितात. वरून प्यायचं म्हणजे मान मागं टाकायची, डोळे छताकडं. मागावरचा माणूस धोट्यावरून, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या शटलवरून, नजर काढत नाही. त्यानं पेला हातात घेतला, मागाकडं बघितलं, दोन सूत सांधली, परत पेला बघितला, तोवर मामा पुढं गेलेले. पेला तसाच मागाच्या चौकटीवर, त्यात तुसं.

उपाय: बाटल्या घ्यायच्याच, पण नळीच्या. ज्याची त्याची, नाव घातलेली, झाकणाची. मान न वळवता नळीतून ओढता येतं. मामा बाटली भरून देतात, पुढं जातात. मालकांच्या बाटल्या शेवटी आल्याच, ते खूश.

२ एप्रिल

तपासणीवाले डॉक्टर जेवणाच्या सुट्टीत बोलायला आले. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, आकडा देऊ नका.

त्यांनी लघवीच्या रंगावरून सांगितलं. फिकट लिंबू सरबतासारखी असली तर ठीक, मोहरीच्या तेलासारखी गडद झाली तर पाणी कमी. संडासाच्या दारामागं रंगाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेणाऱ्यांची पिवळी दिसणारच, हेही सांगितलं. मुतखडा होऊन गेलेल्यांना मात्र आकडा दिला: दिवसाला दोन लिटरच्या वर लघवी होईल एवढं प्यायचं. इटलीत पाच वर्षं पाठपुरावा करून १९९६ मध्ये निष्कर्ष आले होते. असं पाणी पिणाऱ्यांत खडा परत होण्याचं प्रमाण १२ टक्के, न पिणाऱ्यांत २७. 'पाणी प्या'च्या बाजूनं याइतका भक्कम पुरावा दुसरा क्वचित सापडेल.

"आणि आठ ग्लास?" कोणीतरी विचारलंच. त्या आकड्याचा उगम अनेकदा १९४५ च्या अमेरिकन शिफारशीत शोधतात. दिवसाला अडीच लिटर असं तिथं लिहिलंय खरं, पण त्यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं, असंही लगेच पुढं म्हटलंय. आमटी, भात, ताक, कलिंगड, सगळं पाण्यातच धरायचं. पुढचं वाक्य कोणी वाचलं नाही.

रंगखात्यातला एक जण मागं थांबला. बीपी आहे, पायाला सूज, 'लघवीची गोळी' चालू. त्याला डॉक्टरांनी बजावलं, ट्रॉली आली म्हणून प्यायचं नाही, तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्याला जास्त पाणी अपाय करतं. अशांच्या बाटलीला लाल दोरा बांधला आहे, मामांना तो पाठ आहे. कारण वर छापायचं नाही, गावभर होतं.

९ एप्रिल

पाडवा. कारखाना बंद. उगादीची पच्चडी घरी आली, कडू-गोड दोन्ही.

१६ एप्रिल

मालकांनी वजनकाटा आणून ऑफिसाबाहेर ठेवला. कोणी चढत नाही. बायकांना सगळ्यांसमोर आकडा नको. काटा आत घेतला, पडद्यामागं, लिहिणार फक्त मी.

थोरल्या मालकांनी आज वाग्भट काढला. 'समस्थूलकृशा भुक्तमध्यान्तप्रथमाम्बुपाः', त्याच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं. जेवताना मधे पाणी पिणारा आहे तसा राहतो, शेवटी पिणारा जाडा होतो, आधी पिणारा बारीक. बरं वाटलं, कारण आधुनिक चाचणीतही जेवणाआधीच्या पाण्यावरच थोडंफार हाती लागलंय. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला २०१० चा अभ्यास. माणसं ५५ ते ७५ वयाची, दोन्ही गटांना कमी कॅलरीचं जेवण, एका गटाला प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर पाणी. बारा आठवड्यांत पाणीवाल्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा दोनेक किलो जास्त उतरलं. जेवण दोन्ही गटांचं कमी केलेलं होतं, हे रीलवाले सांगत नाहीत. जेवणाआधी पाणी दिल्यानं जेवण कमी जातं का, हे तपासलं तेव्हा वयस्करांत फरक दिसला, तरुणांत नाही. आमचे कारागीर तिशी-चाळिशीतले.

मला याहून जवळचा वाटतो तो जर्मनीतल्या डॉर्टमुंड आणि एसेनच्या प्राथमिक शाळांचा प्रयोग, २००९ मध्ये छापलेला. शाळेत पाण्याचे नळ बसवले, बाटल्या दिल्या, चार धडे घेतले. मुलं दिवसाला साधारण एक पेला जास्त प्यायला लागली आणि वर्षाअखेरीस वजन प्रमाणाबाहेर जाण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी निघाला. आहार कोणी बदलला नव्हता. पाणी जवळ आणलं होतं.

पोस्टरवरून 'वजन घटवा' काढायला सांगितलं. मालक म्हणाले, मग उरतं काय? मी म्हटलं, 'पाणी प्या'. ते छापखान्याला फोन लावायला उठले.

१८ एप्रिल

आठवड्यापूर्वी चहावाल्याशी तह केला. एक किटली नेहमीची, एक बिनसाखरेची, साखर डब्यात वेगळी. ज्यानं त्यानं घालून घ्यायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनी दोन-दोन चमचे घातले, डबा संपला, चहावाला तोट्यात. तोटा आमच्याकडून भरून दिला. आठवड्यात हात आपोआप आखडले. समोर चमच्यानं घालताना साखर दिसते, किटलीत दिसत नाही.

२६ एप्रिल

पारा चाळिशीच्या बराच वर. पत्र्याखाली त्याहून जास्त.

रंगखात्यात दुपारी एक पोरगा भोवळ येऊन बसला. शुद्धीवर होता, घाम येत होता, पायात गोळे. सावलीत आणलं, कपडे सैल केले, ओल्या टॉवेलनं पुसलं (टॉवेलांना इथं तोटा नाही), ओआरएस पाजलं. तासाभरात ठीक, तरी दवाखान्यात नेऊन आणला. विचारल्यावर कळलं की सकाळपासून पाणी भरपूर प्यायला होता, पण रात्री उलट्या झालेल्या आणि सकाळी काही खाल्लं नव्हतं. नुसतं पाणी पुरत नाही याचं उदाहरण समोर होतं. घामात मीठही जातं. ओआरएसच्या पाकिटात ते बेतानं मोजलेलं असतं: लिटरभर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. पाकीट अर्ध्या पेल्यात कालवून प्यायचं नाही, पूर्ण लिटरात. हे फळ्यावर लिहिलं. रोज पाकीट फोडायचं नाही, हेही. रोजच्याला ताक आणि डब्यातलं जेवण पुरतं.

घाम थांबला, बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर पाणी पाजत बसायचं नाही. अंगावर पाणी ओतायचं आणि १०८.

रंगखात्यासाठी मामांच्या फेऱ्या वाढवल्या. उष्णतेत काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेचा नियम सोपा आहे: दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, आणि तासाला साधारण दीड लिटरच्या वर कधीच नाही. वरची मर्यादाही फळ्यावर. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाच्या खाली गेलं होतं, आणि त्यात शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायलेले, पुढं होते. चार लिटरच्या रीलमध्ये हेही येत नाही.

७ मे

मतदान. सुट्टी. बोटाला शाई लावून मामा संध्याकाळी माठ भरायला येऊन गेले, बोलावलं नव्हतं.

१३ मे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. सतरा मुद्दे. त्यात पुरेसं पाणी पिण्याचा वेगळा मुद्दा आहे, साखर-मीठ कमी करण्याचाही. ऑडिटच्या फायलीत प्रत लावली. ऑडिटवाल्यांना कागद लागतो.

२९ मे

दोन शेडचा हिशोब. ट्रॉलीच्या शेडमध्ये माणशी पाणी दुसऱ्या शेडच्या दीडपटीच्या आसपास. पिंप आणि माठ किती वेळा भरले यावरून काढलेला अंदाज आहे, सांडलेलं आणि तोंड धुतलेलं त्यातच. तरी फरक डोळ्यांना दिसतो. दुसऱ्या शेडवाले आता भांडायला लागलेत, आम्हाला का नाही म्हणून. चाचणी इथंच थांबवली. पुढच्या आठवड्यापासून दोन्हीकडं ट्रॉली.

शिलाईत डझन कमी झाले नाहीत. सुपरवायझरनं स्वतःच वही आणून दाखवली, काही न बोलता. कडी धरायला जाणारी दुसरी बाई वाचली, तिचा वेळ मशीनवर आला असावा.

उन्हाळीची तक्रार घेऊन येणाऱ्या कमी झाल्या. किती, ते मोजलेलं नाही, हा विषय वहीत लिहिण्यासारखा त्यांना वाटत नाही.

८ जून

मान्सून पोचला. काल रात्री पत्र्यावर असा बडवला की मागांचा आवाज ऐकू येईना.

पडद्यामागची वजनं पूर्ण झाली. बहुतेकांची जागच्या जागी, अर्धा-एक किलो इकडं तिकडं, तेवढं तर सकाळ-संध्याकाळमध्येही होतं. ज्यांची खरोखर उतरली ती बोटांवर मोजण्याइतकी. विचारलं तर बहुतेकांनी चहाची साखर सोडलेली, एकानं रात्रपाळीची कोल्ड्रिंकची बाटली. अक्कांचं तसूभर हललं नाही. "वजन राहूंदे मॅडम, डोकं दुखायचं थांबलं," म्हणाल्या. मालकांना तक्ता दाखवला. त्यांनी वजनाचा रकाना बघून मान हलवली, मग डझनांचा रकाना जास्त वेळ बघितला.

बाकी राहिलेलं: पावसाळ्यात महापालिकेचं पाणी गढूळ येतं, तेव्हा टीसीएलचं प्रमाण वाढवून रोज ओटी. माठ दमट हवेत गार होणार नाहीत, आणि कोणाला गार नकोही असेल. थंडावा आला की तहान मंदावते, तेव्हा मामांच्या फेऱ्या किती ठेवायच्या ते बघायचं. दुसऱ्या शेडच्या ट्रॉलीचं एक चाक रुतलंय, जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री, उद्या बघतो म्हणालाय. रात्रपाळीला अजून कोणीच पाणी फिरवत नाही, आणि रात्रीचा चहावाला साखर वेगळी ठेवायला तयार नाही. त्याच्याशी सोमवारी बोलायचंय.